स्पोर्ट्‌स कारला दुसरी चाकं बसतील का? पुण्यातल्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

मी गेली आठ वर्षं पुण्यात एक जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर सांभाळतोय, ई-८९ पिढीची (हा कंपनीचा त्या पिढीसाठीचा कोड). तिच्या पायी चाकांचा अभ्यास झाला, आणि हळूहळू ओळखीतल्या कुणालाही चाकं बदलायची असली की फोन मला यायला लागला. फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो: ‘चाकांचा फोटो पाठवलाय, बसतील का ते सांग.’ फोटोवरून हे कुणालाच सांगता येत नाही. चाक बसणं-न बसणं हा मिलिमीटरचा मामला आहे, आणि ते मिलिमीटर पैसे देण्याआधी मोजावे लागतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहितोय.

माझ्या गाडीला पाच बोल्ट आहेत, चाकालाही पाच भोकं आहेत. मग अडचण काय?

भोकं किती हे महत्त्वाचं आहेच, पण ती किती मोठ्या वर्तुळावर आहेत हे त्याहून महत्त्वाचं. पाचही भोकांच्या मध्यबिंदूंतून जाणारं एक वर्तुळ मनात काढा. त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. ‘५×११२’ असं लिहिलं असेल तर पाच भोकं, ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर.

आता हे आकडे बघा. पोर्शेच्या ९११, बॉक्स्टर, केमनला ५×१३०. फोर्ड मस्टँगला ५×११४.३. जॅग्वार एफ-टाइपला ५×१०८. मर्सिडीजला आणि आजच्या ऑडीला ५×११२. सगळ्यांना भोकं पाचच, पण एकाचं चाक दुसऱ्याला चालत नाही.

नाव तेच आणि पिढी वेगळी असेल तिथे सर्वात जास्त फसगत होते. माझ्या ई-८९ झेड-फोरला ५×१२० लागतं. तिच्या पुढच्या जी-२९ झेड-फोरला ५×११२. ऑडी टीटीची पहिली पिढी ५×१००, दुसरीपासून ५×११२. ‘झेड-फोरची ओरिजिनल चाकं’ एवढंच जाहिरातीत वाचून कुणी माझ्या गाडीसाठी जी-२९ची चाकं आणली असती तर ती हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसतं त्यावर, चढलीच नसती. आपल्या चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो ५×१००ची आणि त्याच समूहाची स्कोडा ऑक्टाव्हिया ५×११२ची. एकाच घरातली म्हणून चाकं सारखी असतील असं धरून चालू नका. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि पिढीचा कोड हे तिन्ही हाताशी ठेवूनच चौकशी करा.

पीसीडी घरी कसा मोजायचा?

चार भोकांच्या चाकात सोपं आहे. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर म्हणजेच पीसीडी. पाच भोकांच्या चाकात कुठलंच भोक दुसऱ्याच्या बरोबर समोर नसतं, म्हणून एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्याला ०.९५१ ने भागायचं.

मध्यबिंदू डोळ्याने नेमका सापडत नाही, तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. भोकं एकाच मापाची असतात, त्यामुळे हे अंतर मध्यापासून मध्याइतकंच येतं.

१०६.५ मिलिमीटर आलं तर पीसीडी ११२. १०८.७ आलं तर ११४.३. फरक फक्त २.२ मिलिमीटरचा आहे आणि शिंप्याच्या टेपने तो कळणार नाही. व्हर्निअर कॅलिपर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात साधा मिळतो आणि या कामात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

‘११२ चं चाक ११४.३ वर थोडं ओढून बसवता येतं’ असं एकाने सांगितलं. खरं आहे का?

बोल्ट किंवा नट कदाचित पकडतील, म्हणून चाक ‘बसलं’ असं वाटेल. पण प्रत्येक बोल्ट किंचित तिरका ओढला जाईल, त्याची शंकूसारखी बैठक एका कडेवरच टेकेल आणि रस्त्यावर तो ढिला होत जाईल किंवा तुटेल. असं चाक गाडीला लावू नका. कुणी लावून देतो म्हणाला तर तिथून गाडी काढून घ्या. ताशी १०० किलोमीटरला चाक निखळलं तर काय होतं याची कल्पना करायची सुद्धा इच्छा नाही.

सेंटर बोअर म्हणजे काय? ते जुळलं नाही तर चालतं का?

चाकाच्या मधोमध जे मोठं भोक असतं ते सेंटर बोअर. ते हबच्या वर आलेल्या गोल ओठावर बसतं आणि चाक त्यामुळे नेमकं मध्यावर येतं. चाकाचं भोक हबपेक्षा लहान असेल तर विषय तिथेच संपला, चाक आत जाणारच नाही. मोठं असेल तर मधली फट भरायला हब रिंग घालावी लागते.

आजच्या ऑडी ए-फोर, ए-सिक्ससारख्या गाड्यांच्या चाकाचं भोक साधारण ६६.५ मिलिमीटर असतं आणि ऑक्टाव्हियाचा हब ५७.१. त्यामुळे ऑडीचं चाक ऑक्टाव्हिया व्हीआरएसला रिंग घालून बसवता येतं. उलट करायला गेलात, म्हणजे ऑक्टाव्हियाचं चाक अशा ऑडीला, तर पीसीडी ११२ जुळत असूनही ते हबवरच अडतं.

माझ्यावर बेतलेला प्रसंग याच भोकाचा आहे. झेड-फोरसाठी मी एक जुना संच घेतला. पीसीडी १२० बरोबर होता, ऑफसेट जुळत होता. गाडी खेड शिवापूरच्या पुढे गेली आणि नव्वदच्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग करून घेतलं, थरथर तशीच. पुन्हा केलं, तरीही तशीच. तिसऱ्यांदा दुसरीकडे गेलो, तेव्हा तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी चाक उतरवलं, व्हर्निअर लावला आणि माझ्यासमोर धरला. चाकाचं भोक ७४.१, माझ्या गाडीचा हब ७२.६. बीएमडब्ल्यूच्याच काही मॉडेलांना, उदाहरणार्थ ई-३९ फाइव्ह सीरीजला, ७४.१ असतं आणि ही चाकं त्या मापाची होती. दीड मिलिमीटरची फट होती आणि ज्या दुकानाने चाकं चढवली त्यांनी रिंग घातलीच नव्हती. चार रिंगा घातल्या आणि थरथर त्याच दिवशी गेली. दोन बॅलन्सिंगचे पैसे गेले ते गेले, पण त्या अवस्थेत मी घरच्यांना घेऊन सातारा रस्त्याने गेलो होतो याचं मला आजही वाईट वाटतं.

रिंग ॲल्युमिनियमची किंवा चांगल्या प्लॅस्टिकची चालते. ट्रॅकवर जाणार असाल तर ॲल्युमिनियमचीच घ्या, ब्रेकच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडतं. रिंग घातल्यावर ती बोटाने हलता कामा नये.

ऑफसेट किंवा ईटी हा आकडा समजतच नाही. सोपं करून सांगाल?

चाक रुंदीत मधोमध कापलं अशी कल्पना करा. त्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारी सपाट बैठक किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. ईटी ४५ म्हणजे बैठक मध्यरेषेच्या ४५ मिलिमीटर बाहेर. ईटी जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत जातं. ईटी लहान झाला की चाक बाहेर येतं. आकडा वाढला की चाक आत, हे डोक्यात उलटंसुलटं होतं, म्हणून एकदा कागदावर काढून बघा.

एकटा ईटी बघून काही कळत नाही, रुंदी सोबत धरावी लागते. समजा सध्याचं चाक ८ इंच रुंद आणि ईटी ४५. नवं ९ इंच रुंद आणि ईटी ३५.

८ इंच म्हणजे २०३.२ मिलिमीटर, त्याचं अर्धं १०१.६. बाहेरची बाजू: १०१.६ वजा ४५, म्हणजे ५६.६. आतली बाजू: १०१.६ अधिक ४५, म्हणजे १४६.६.

९ इंच म्हणजे २२८.६, त्याचं अर्धं ११४.३. बाहेरची बाजू: ११४.३ वजा ३५, म्हणजे ७९.३. आतली बाजू: ११४.३ अधिक ३५, म्हणजे १४९.३.

म्हणजे नवं चाक बाहेर २२.७ मिलिमीटर जास्त येणार आणि आत २.७ मिलिमीटर जास्त जाणार. आता गाडीपाशी जाऊन हे दोन आकडे जागेवर पडताळायचे. बाहेर बावीस-तेवीस मिलिमीटर जागा आहे का? आत जवळपास तीन मिलिमीटरने शॉकअप किंवा कुठला होज तर घासणार नाही?

बाहेरची जागा बघायला मी ओळंबा वापरतो. गाडी सपाट जमिनीवर उभी करायची, ओळंब्याची दोरी मडगार्डच्या कडेवर चाकाच्या बरोबर वर धरायची आणि दोरीपासून टायरच्या सर्वांत फुगलेल्या भागापर्यंतचं अंतर पट्टीने घ्यायचं. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला मोठा नट बांधा, काम होतं. आतल्या बाजूला टॉर्च मारून टायर आणि शॉकअपमधली फट बघा. तिथे बोट सहज जातं की अडकतं, एवढी पहिली तपासणी कुणालाही करता येते. नेमकं माप हवं तर वेगवेगळ्या जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून बघा.

पुढच्या चाकांची तपासणी स्टिअरिंग सरळ ठेवून, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, तिन्ही स्थितींत करायची. सरळ असताना भरपूर जागा दिसते आणि पूर्ण वळवल्यावर टायरची आतली कड लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला) टेकते, असं फार गाड्यांत होतं.

चाकावर ईटी छापलेला नाही. मग कसा काढायचा?

आधी आऱ्यांच्या मागच्या बाजूला घाण पुसून बघा, बहुतेक वेळा असतोच. बीएमडब्ल्यूच्या ओरिजिनल चाकांवर ‘ईटी’च्या जागी ‘आयएस’ अशी अक्षरं असतात. आकडा तोच.

नसेलच तर चाक तोंड खाली करून गोधडीवर ठेवा. मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबच्या बैठकीपर्यंतची खोली मोजा. मग चाकाची एकूण बाहेरची रुंदी मोजून तिचं अर्धं करा. खोलीतून हे अर्धं वजा केलं की ईटी मिळतो. खोली १६० आणि एकूण रुंदी २२९ आली तर १६० वजा ११४.५, म्हणजे साधारण ४५. ही बाहेरची रुंदी छापलेल्या रुंदीपेक्षा साधारण एक इंचाने जास्त येते, कारण छापलेली रुंदी टायर बसतो त्या आतल्या कडांमधली असते. ८ इंची चाक ९ इंच मोजलं तर दचकू नका.

सगळे आकडे जुळले, तरी ब्रेकला चाक घासू शकतं का?

हो, आणि हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही. स्पोर्ट्‌स कारचे पुढचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबून धरणारे भाग, मोठे असतात, चार किंवा सहा पिस्टनचे. दोन चाकांचा व्यास, रुंदी, ईटी सगळं एकच असूनही एकाचे आरे बाहेर कमानीसारखे वळलेले असतात आणि दुसऱ्याचे सपाट. सपाट आऱ्यांचं चाक कॅलिपरवर टेकतं.

यासाठी मी स्वयंपाकघरातली घट्ट मळलेली कणिक वापरतो. कॅलिपर गार असताना त्याच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावर आणि वरच्या कडेवर कणकेची छोटी गोळी चिकटवा. कॅलिपर आणि गोळीच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा म्हणजे पिठाचा डाग राहत नाही. टायर नसलेलं नुसतं चाक हबवर चढवा, दोन बोल्ट हाताने घट्ट करा, चाक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा आणि उतरवा. गोळी जिथे सर्वांत जास्त दबली तिथली जाडी मोजा. ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर ते चाक मी घेत नाही. आरे आणि कॅलिपरमध्ये ४-५ मिलिमीटर असलं की निश्चिंत राहता येतं. काम झालं की कणकेचा प्रत्येक कण काढून टाका, डिस्कवर काहीही राहता कामा नये.

जुनेच बोल्ट नव्या चाकाला चालतात का?

थांबा, आधी बैठक बघा. बोल्टचं किंवा नटचं डोकं चाकाला जिथे टेकतं तो भाग शंकूसारखा असतो, गोलसर असतो किंवा सपाट वॉशरचा असतो. पोर्शे, ऑडी, फोक्सवॅगनचे कंपनी बोल्ट गोलसर बैठकीचे. बीएमडब्ल्यूचे शंकूचे. टोयोटाच्या कित्येक कंपनी अलॉयना सपाट वॉशरचे नट. बाजारातली बहुतेक अलॉय शंकूच्या बैठकीची असतात. गोलसर बोल्ट शंकूच्या बैठकीत घट्ट केला की हाताला घट्ट लागतो, पण तो एका बारीक रेषेवर टेकलेला असतो आणि काही किलोमीटरमध्ये सुटायला लागतो.

दुसरी गोष्ट आटे. माझ्या ई-८९ला एम १२×१.५ आहे (१२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर), जी-२९ला एम १४×१.२५, पोर्शेला एम १४×१.५. आट्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही. बोल्ट पहिले काही फेरे हाताने, पान्याशिवाय फिरला पाहिजे. अडला तर जोर करू नका.

लांबीही मोजा. नव्या चाकाची बैठक जाड असेल तर जुना बोल्ट पुरेसा आत जात नाही. १.५च्या आट्यांचा एम १२ बोल्ट निदान ८ फेरे आत गेला पाहिजे, एम १४ असेल तर निदान १०. आणि फार लांब बोल्टही नको, तो मागे ब्रेकच्या भागांना लागू शकतो.

टायरचा आकार कसा ठरवायचा?

चाक वाढलं तरी टायरसकट पूर्ण व्यास जवळजवळ तेवढाच राहिला पाहिजे. माझ्या गाडीला पुढे २२५/४० आर १८ आहे: टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची. २२५चे ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटरची भिंत, वर-खाली मिळून १८०. १८ इंच म्हणजे ४५७.२. बेरीज ६३७.२. १९ इंचाला २२५/३५ घेतला तर १५७.५ अधिक ४८२.६, म्हणजे ६४०.१. फरक अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी, उत्तम. पण ‘३५ फार पातळ दिसतो’ म्हणून कुणी २२५/४० आर १९ दिला तर तो ६६२.६ होतो, म्हणजे ४ टक्के जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी खरी १०४ने जात असेल, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा १००ची आहे. शिवाय टायर वर लायनरला घासण्याची शक्यता वेगळीच. माझी स्वतःची मर्यादा दीड टक्का आहे.

टायर आणि रिमची रुंदीही जुळली पाहिजे. २२५/४० आर १८ साधारण साडेसात ते नऊ इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची एक फॅशन आहे. आपल्या खड्ड्यांत रिमची कड उघडी ठेवण्याचा हा प्रकार मला अजिबात पटत नाही.

भार आणि वेगाचा निर्देशांक कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नका. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०. वेगासाठी डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर, वाय म्हणजे ३००. एवढ्या वेगाने कोण जाणार, असं म्हणून खालचा निर्देशांक घेतात. पण कंपनीने त्या गाडीसाठी टायर निवडताना जी उष्णता आणि जो ताण धरला, त्याचा तो निर्देशांक आहे.

माझी गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे. काही वेगळं बघावं लागतं?

पुढच्या आणि मागच्या टायरचा एकूण घेर कंपनीच्या मूळ प्रमाणात राहिला पाहिजे. मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर असले तरी कंपनीने त्यांचे व्यास विचार करून ठेवलेले असतात. हे बिघडलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल सतत वेगवेगळ्या गतीने फिरतात, आणि मधला क्लच किंवा डिफरन्शियल रोज झिजत जातो. म्हणून अशा गाडीत चारही टायर एकाच मेकचे आणि जवळपास सारख्या झिजेचे ठेवा. एकच टायर फाटला तरी खिशाला चार किंवा निदान दोन टायरचा विचार करावा लागतो.

स्पेसर लावू का?

स्पेसर म्हणजे चाक बाहेर आणायला हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती. तो हबवर नेमका बसणारा, चांगल्या कारखान्यातला आणि त्याच्या जाडीइतक्याच जास्त लांबीच्या बोल्टसह असेल तर हरकत नाही. भोकं पाडलेली नुसती सपाट चकती असेल तर नको.

नाना पेठेत किंवा ऑनलाइन जुनी चाकं स्वस्तात मिळतायत. घ्यावीत का?

घ्यायला हरकत नाही, पण टायर उतरवून, आतून बघितल्याशिवाय नाही. बाहेरून पावडर कोटिंग केलेलं चाक नवंकोरं दिसतं आणि आतल्या कडेवर वेल्डिंगची गाठ असते. भरदुपारच्या उजेडात आतली कड बोटाने पूर्ण चाचपा. रंगाखाली उंचवटा लागला की विचारा. बोल्टच्या भोकांभोवती केसासारखी बारीक रेघ दिसली तर ते चाक परत ठेवा, मग ते कितीही सुंदर असो. नंतर टायर न लावता बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. रिमची कड मशीनच्या स्थिर भागाच्या तुलनेत वर-खाली किंवा आत-बाहेर डोलताना दिसली तर चाक वाकलेलं आहे.

चांगल्या दुकानदाराला या तपासणीचा राग येत नाही. राग आला तर पुढचं दुकान बघा, पेठेत दुकानांची कमतरता नाही.

नक्कल चाकं कशी ओळखायची?

मागच्या बाजूला रुंदी, ईटी, भार वाहण्याची क्षमता आणि प्रमाणन यांचे ठसे असावेत. आपल्याकडे आयएसआयचा, जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयएचा. ठसाही खोटा असू शकतो, म्हणून बिल घ्या. भार वाहण्याची क्षमता महत्त्वाची: गाडीच्या ज्या ॲक्सलवर जास्तीत जास्त जेवढा भार कंपनीने दिलाय, त्याच्या निम्म्यापेक्षा ती कमी असता कामा नये.

आपण सकाळी ज्या टेकडीला ‘एआरएआयची टेकडी’ म्हणत फिरायला जातो, तिथल्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या १९६६मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या चाचण्या होतात. अलॉय चाकाला सामान्यपणे तीन परीक्षा द्याव्या लागतात: वळणावर येणारा ताण हजारो फेरे देऊन बघणं, भाराखाली सतत फिरवणं आणि कडेवर तिरका आघात करणं. या तिन्हींतून गेलेलं चाक आणि नुसत्या साच्यातून निघालेली नक्कल यांतला फरक दिसायला शून्य असतो, खड्ड्यात पडल्यावर कळतो.

आरटीओ किंवा विम्याची अडचण येते का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि २०१९च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत तुमच्या व्हेरिअंटसाठी जी मापं दिली आहेत, त्यांतलं माप निवडणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग. टायर मडगार्डबाहेर येईल असं काही करू नका.

विमा कंपनीला नव्या चाकांबद्दल लेखी कळवा आणि बिलाची प्रत द्या. न कळवता लावलेल्या चाकांचा दावा करताना फार त्रास होतो.

पुण्यात १९ किंवा २० इंची चाकं चालतील का?

बसतील, पण मी १८वर राहिलो. माझ्या गाडीत मागे १८ इंचाला २५५/३५, म्हणजे ८९ मिलिमीटरची भिंत. १९ला २५५/३०, म्हणजे साडेशहात्तर. हे बारा-साडेबारा मिलिमीटर रबर जुलै-ऑगस्टमध्ये फार मोलाचं ठरतं. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही, आणि या गाड्यांत बहुतेक वेळा स्टेपनी नसते. रात्री ताम्हिणीत रिम वाकली तर क्रेनची वाट बघत बसावं लागतं.

वर्षभर गाडी झाकून ठेवून हिवाळ्यात रविवारी पहाटे काढणाऱ्याने १९ घ्यावीत. रोज सिंहगड रस्त्याने ऑफिसला नेणाऱ्याने घेऊ नयेत.

चाकं लावायच्या दिवशी दुकानात काय क्रम ठेवायचा?

टायर चढवण्याआधी नुसतं चाक गाडीला लावून बघायचं, पुढे एक आणि मागे एक. हा आग्रह सोडू नका. ‘साहेब, बसणार म्हणजे बसणार’ असं म्हणून थेट टायर चढवायला घेतात. एकदा टायर चढला, रिमला मशीनचा ओरखडा पडला की चाक परत घेत नाहीत. अर्धा तास जास्त जाईल, जाऊ द्या.

हबची बैठक तारेच्या ब्रशने साफ करून घ्या. गंजाची पापडी मध्ये राहिली तर चाक तिरकं बसतं. बोल्ट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने, आणि शेवटी गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने. हवेच्या गनने शेवटचं आवळू देऊ नका. माझ्या गाडीला १२० न्यूटन-मीटर लागतात, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. पन्नास ते ऐंशी किलोमीटर चालवून पुन्हा त्याच आकड्याला तपासा.

लावल्यावर घासतंय का हे कसं कळेल?

लायनरच्या आतल्या पृष्ठभागावर आणि मडगार्डच्या आतल्या ओठावर शाळेतल्या पांढऱ्या खडूने जाड रेघा मारा. शेजारी एकाला बसवा, डिकीत सामान ठेवा, सोसायटीच्या रॅम्पवर गाडी तिरकी चढवा-उतरवा, पूर्ण वळवून मागे-पुढे घ्या. मग कात्रजच्या जुन्या घाटातून सावकाश एक फेरी. परत येऊन बघा, जिथे टायर लागला तिथला खडू पुसलेला असतो. एकट्याने सपाट रस्त्यावर चालवून ‘काही आवाज नाही’ म्हणणं ही तपासणी नव्हे.

टायरमधल्या हवेच्या सेन्सरचं काय?

तुमच्या गाडीत वॉल्व्हला जोडलेले सेन्सर असतील तर ते जुन्या चाकांतून काढून नव्यात बसवता येतात. नव्या चाकाच्या वॉल्व्हच्या भोकात ते नीट बसतात का हे टायर चढवण्याआधी बघा. वॉल्व्हचं रबर मात्र नवंच घाला.

जुनी चाकं विकून टाकू का?

विकू नका. गाडी विकताना घेणारा मूळ चाकं मागतोच, आणि एखादं नवं चाक वाकलं तर नवं येईपर्यंत तीच उपयोगी पडतात. धुऊन, कोरडी करून, कापडात गुंडाळून आडवी ठेवा. मूळ बोल्ट एका पिशवीत घालून, वर गाडीचं नाव आणि टॉर्कचा आकडा लिहून, त्यांतल्याच एका चाकाला बांधून ठेवा.